पिपाणीवाल्याची जागा

यंदा चैत्रात दोन्ही मुलांना घेऊन गावच्या यात्रेला गेलो. आकाशपाळणा झाला, ब्रेक डान्स झाला, हवेने फुगवलेल्या प्लास्टिकच्या डोंगरावरून घसरून झाले. आमच्या लहानपणी यात्रेहून कोणीही पोर पिपाणी वाजवल्याशिवाय घरी परतत नसे, म्हणून निघताना पिपाणी घ्यावी या विचाराने मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या; पिपाणी कोठेही दिसली नाही. शेवटी ती मिळाली मैदानाच्या बाहेर, एसटीच्या थांब्यापलीकडे, ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे. उभ्या बांबूला पेंढा गुंडाळून त्यात त्यांनी पिपाण्या, भिंगऱ्या आणि कागदी पंखे खोचले होते. "मामा, आत का नाही बसलात?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "आत धा फुटाला सा हजार मागत्यात, साहेब. पाच दिसांचं. तेवढ्या पिपाण्या वाजवायला पोरं तरी हायत का गावात?"

त्यांनी हे हसत सांगितले, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. पिपाणीची किंमत वीस रुपये. माल, प्रवास आणि मोडतोड वजा जाता एका पिपाणीमागे त्यांच्या हाती आठ रुपये उरतात. जागेचे सहा हजार फेडायचे तर साडेसातशे पिपाण्या खपल्या पाहिजेत, आणि सातशे एक्कावन्नाव्या पिपाणीपासून त्यांची मजुरी सुरू होणार. याच मैदानावर मोबाइलची कव्हरे, गॉगल आणि बॅटरीवर चमकणारी खेळणी विकणाऱ्याला तोच दर परवडतो, कारण त्याच्या एकेका वस्तूमागे पन्नास-साठ रुपये सुटतात. तेव्हा यात्रेत काय विकले जाईल हे मुलांच्या आवडीने ठरण्याच्या आधीच जागेच्या दराने ठरून गेलेले असते.

यात्रेविषयी आपल्याकडे बहुधा दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर हळहळीचा असतो: ती गोडीशेव गेली, तो तंबूतला सिनेमा गेला, आता सगळे प्लास्टिक झाले. दुसरा सूर तुच्छतेचा असतो: यात्रा म्हणजे गर्दी, धूळ, दारू आणि कर्ज काढून केलेले पाहुण्यांचे जेवण. दोन्ही सुरांत थोडे तथ्य आहे, परंतु यात्रेच्या मैदानावरची जागा कोण देतो, कोणाला देतो आणि कोणत्या दराने देतो, हा प्रश्न दोन्हींतून निसटतो. हा प्रश्न सार्वजनिक जमिनीच्या वापराचा आहे. यात्रेचे मैदान सर्वाधिक बोली लावणाऱ्याला एकगठ्ठा देण्याची जी पद्धत रूढ होत चालली आहे ती चुकीची असून ती थांबवता येण्यासारखी आहे, असे माझे मत आहे.

पद्धत थोडक्यात अशी. माझ्या पाहण्यातल्या चार-पाच गावांत पूर्वी यात्रा कमिटीचे दोन माणूस पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरत आणि दुकानाचा आकार पाहून पट्टी फाडत. त्यात ओळखीपाळखीला वाव होता, घासाघीस होती, पैसेही थोडेच जमत. आता फाल्गुनातच मैदानाचा लिलाव होतो. एखादा ठेकेदार किंवा पाळणेवाला सगळी जागा एका रकमेला उचलतो आणि तिचे फुटाफुटाने तुकडे करून पुढे भाड्याने देतो. कमिटीला एकरकमी पैसे मिळतात आणि डोक्याचा ताप जातो. ठेकेदाराने जेवढे मोजले त्याच्या दीडपट तरी त्याला वसूल करायचे असते, आणि ही वसुली शेवटी ज्याच्या खिशातून होते तो दहा वर्षांचा मुलगा लिलावाच्या वेळी देवळाच्या ओट्यावर हजर नसतो.

या मुलाच्या खिशाविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, आणि त्यासाठी स्वतःच्या आठवणीचा आधार घ्यावा लागेल. १९८७ साली, मी दहा वर्षांचा असताना, आजोबांनी मला पुसेगावच्या यात्रेला नेले. मार्गशीर्ष वद्य दशमीला तेथे सेवागिरी महाराजांचा रथ निघतो आणि भाविक त्यावर नोटांच्या माळा चढवतात. रथ नोटांनी झाकून जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे. आजोबांना मात्र रथापेक्षा जनावरांच्या बाजारात रस होता, कारण त्यांना खिल्लारी खोंडांची जोडी पाहायची होती. त्यांनी माझ्या हातावर पाच रुपये ठेवले आणि दिवस मावळायच्या आत या झाडाखाली ये, असे बजावून ते बैलांच्या गर्दीत दिसेनासे झाले.

पाच रुपये ही त्या काळीही मोठी रक्कम नव्हती, पण ती मला दिवसभर पुरली. पाळण्यात एकदा बसलो, पिपाणी घेतली, चुरमुरे आणि शेव खाल्ली, ओढली की टकटक वाजणारी मातीच्या चाकांची गाडी धाकट्या भावासाठी घेतली, आईसाठी सुया आणि काळा दोरा घेतला, आणि आठ आणे उरवून परत आणले. यात गंमत खरेदीपेक्षा ठरवण्यात होती. एका दुकानात गाडी सव्वा रुपयाला, तर चार दुकाने पलीकडे तीच रुपयाला मिळते, हे शोधून काढण्यात माझा तासभर गेला. मौत का कुआँचे तिकीट परवडणारे नव्हते, म्हणून मी बाहेर उभा राहून फक्त मोटरसायकलचा आवाज ऐकला आणि फळ्या थरथरताना पाहिल्या. तेवढ्यावर पुढे वर्गात महिनाभर भाव खाल्ला. शिवाय पुष्कळसे फुकट होते. आखाड्यात पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर लावलेल्या असत, त्या पाहायला तिकीट नव्हते. बैलांचे दात कसे पाहतात, रुमालाखाली बोटे दाबून दलाल किंमत कशी ठरवतात, हे पाहायलाही नव्हते.

यंदा माझ्या मुलीच्या हाती मी पाचशे रुपये दिले. ती नऊ वर्षांची आहे, मुलगा सहाचा. तीन पाळणे दोघांचे मिळून, प्रत्येकी ऐंशी रुपये तिकीट. चारशे ऐंशी रुपये चाळीस मिनिटांत संपले आणि त्यातली तीस मिनिटे रांगेत गेली. पुढे जे काही झाले ते माझ्या पाकिटातून आणि माझ्या परवानगीने झाले. पाचशेची नोट हाती असूनही मुलीला त्या मैदानावर निवड करण्याजोगे असे काही नव्हते, कारण वीस-तीस रुपयांत मिळणारी एकही वस्तू तिला दिसली नाही. लहान मुलाला आपल्या पैशांचा मालक म्हणून वावरता येईल अशा जागा आता फार थोड्या उरल्या आहेत. मॉलमध्ये ते शक्य नाही, ऑनलाइन खरेदीत तर नाहीच. यात्रा ही तशी जागा होती.

येथे मी स्वतःलाच एक आक्षेप घेतो. मुलीला पिपाणी न मिळाल्याचे काहीच वाटले नाही. तिला प्लास्टिकचा डोंगर सगळ्यांत आवडला आणि पुलावर घेतलेली पिपाणी तिने गाडीत दोनदा वाजवून धाकट्याला देऊन टाकली. जे आम्हाला प्रिय होते ते मुलांनाही प्रिय वाटावे, असा आग्रह धरणे हा बापाचा हट्ट झाला. म्हणून माझा युक्तिवाद पिपाणीच्या थोरवीवर मी उभा करत नाही. पाळणे असावेत, डोंगर असावेत, चमकणारी खेळणीही असावीत. परंतु पिपाणी हरली ती मुलांच्या पसंतीत हरलेली नाही; पसंतीची वेळ येण्याआधीच तिला दारात अडवले गेले. मैदानावर बसू दिले असते आणि मग ती खपली नसती, तर माझी तक्रार राहिली नसती.

आता लिलावाच्या बाजूचे म्हणणे. गावच्या कमिटीतल्या माझ्या एका चुलतभावाने ते माझ्यासमोर स्पष्ट मांडले, आणि त्यात दम आहे. लिलावाच्या पैशातून यंदा पाण्याचे टँकर आले, फिरती शौचालये आली, मैदानावर दिवे लागले. पूर्वी या सोयी नव्हत्या आणि बायका अंधार पडायची वाट पाहत, हे हळहळणाऱ्यांच्या आठवणीत राहत नाही. दुसरे, पूर्वीची पट्टी म्हणजे काही रामराज्य नव्हते. मोक्याच्या जागा मानकऱ्यांच्या सोयऱ्यांना मिळत, काही समाजांच्या विक्रेत्यांनी कडेलाच बसायचे असा अलिखित दंडक होता, आणि पावतीशिवाय दिलेले पैसे कोठे जात ते कोणी विचारत नसे. लिलावात निदान आकडा सगळ्यांसमोर पुकारला जातो. तिसरे म्हणणे सुरक्षेचे: एकच ठेकेदार असला की जबाबदार माणूस एकच असतो.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावर सातारा जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजलेली आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसे मेली. वाट चिंचोळी होती, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाटेच्या दुतर्फा दुकाने होती, आणि गोंधळात दुकानांना आग लागून गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. या दुर्घटनेतून दुकानांपुरता जो धडा निघतो तो असा की वाटेची रुंदी, दोन दुकानांमधले अंतर आणि ज्वलनशील माल या गोष्टी आधी आखून ठरवल्या पाहिजेत आणि त्या आखणीशी तडजोड होता कामा नये. मैदान फुटाफुटाने विकणाऱ्या ठेकेदाराचे हित नेमके याच्या विरुद्ध आहे, कारण मोकळी सोडलेली प्रत्येक फुटाची वाट हे त्याचे बुडालेले भाडे असते. आखणी पंचायतीची असावी, ती चुन्याच्या फक्कीने मैदानावर उतरावी आणि मगच जागा वाटल्या जाव्यात. पाळण्यांची गोष्ट निराळी आहे. ती यंत्रे आहेत, त्यांची तपासणी तज्ज्ञानेच केली पाहिजे आणि त्यासाठी मोठा, दाखला दाखवू शकणारा व्यावसायिक हवा. पाळण्यांचा लिलाव करण्यास माझी हरकत नाही. पिपाणीला आणि पाळण्याला एकाच बोलीत बांधण्याला हरकत आहे.

पैशाचा मुद्दाही तपासून पाहावा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या १२४ व्या कलमाने पंचायतीला ज्या बाबींवर कर बसवता येतो त्यांत जत्रा, उत्सव आणि करमणुकीचे कार्यक्रम येतात. म्हणजे यात्रेतून गावाला उत्पन्न मिळवण्याचा कायदेशीर मार्ग लिलावाखेरीजही उपलब्ध आहे, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे येऊ शकतो. यात्रा कमिटीच्या हिशेबाबाबत तसे म्हणता येईलच असे नाही. आमच्या गावी पाळण्यांकडून मिळणारा वाटाच इतका मोठा आहे की लहान दुकानदारांना नाममात्र दराने बसू दिले तरी टँकर आणि शौचालये यांचा खर्च भागून काही उरेल, हे चुलतभावाने स्वतःच कागदावर आकडे मांडून मान्य केले. मग असे का करत नाही, या प्रश्नावर तो म्हणाला, "एवढी पावत्या फाडायची उस्तवारी कोण करणार?" मला वाटते खरे कारण हेच आहे. लोभाइतकाच कंटाळाही सार्वजनिक जागा गिळतो.

कायद्याकडे पाहिले तर एक विचित्र पोकळी दिसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्राचा कायदा २०१४ साली झाला. त्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात, आणि ज्या नैसर्गिक बाजारांत पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते व्यवसाय करत आले आहेत ते बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व त्यात आहे. परंतु हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि कटक मंडळे यांच्या हद्दीपुरता आहे. ग्रामपंचायत त्यात येत नाही. पन्नास काय, दीडशे-दोनशे वर्षे चालत आलेल्या यात्रा खेड्यांत भरतात, आणि तेथील विक्रेत्याला शहरातल्या पदपथावरच्या विक्रेत्याएवढेही संरक्षण नाही. एरवी शहरी गरिबांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार असते. येथे उलटे झाले आहे.

संरक्षण नसले की काय होते, याचे एक टोक २०२५ साली मढीला दिसले. पाथर्डी तालुक्यातल्या या गावी कानिफनाथांची यात्रा भरते, तिथला गाढवांचा बाजार सर्वांना ठाऊक आहे, आणि भटक्या जमातींचे तेथे किती येणे-जाणे असते हेही. त्या वर्षी तेथील ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम विक्रेत्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत असा ठराव केला आणि त्यावरून मोठा वाद उभा राहिला. तो ठराव मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. बांगड्यांची कितीतरी दुकाने आणि अनेक गावांतले उरूस ज्या समाजाशिवाय उभेच राहिले नसते त्याला धर्म विचारून हाकलणे हे यात्रेच्या स्वभावालाच सोडून आहे. परंतु या लेखाच्या मुद्द्यापुरते पाहायचे तर मढीने इतकेच उघड केले की मैदान ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर विक्रेत्याचे पोट. ती मर्जी एका ठिकाणी ठरावातून व्यक्त होते, दुसऱ्या ठिकाणी फुटामागच्या दरातून. दर धर्म विचारत नाही, म्हणून तो सोज्ज्वळ दिसतो.

विक्रेत्याचे पोट एका यात्रेवर नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे. पुलावरचे मामा देवदिवाळीला म्हसवडला असतात, मग पुसेगाव, मग पौषात पाल आणि औंध, मांढरदेव, पुढे चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबा, आणि मध्ये मध्ये लहान गावांच्या यात्रा. पीक घरात आले की सुरू होणारे आणि पावसाच्या तोंडावर संपणारे हे सहा-सात महिन्यांचे चक्र आहे. तमाशाचे फड, कासार, घोंगडीवाले, गोंदणाऱ्या बायका, सगळे याच चक्रावर फिरतात. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन यात्रेसाठी सुपाऱ्या देतात, ती बाजारपेठही याच चक्राचा भाग आहे. २०२० साली टाळेबंदी लागली ती ऐन मार्चमध्ये, म्हणजे वर्षभराची कमाई ज्या दोन महिन्यांत होते त्यांच्या उंबरठ्यावर, आणि पुढचा हंगामही तसाच गेला. मामांनी त्या दोन वर्षांत वीटभट्टीवर काम केले. त्यांचा मुलगा तेथेच राहिला, परत या धंद्यात आला नाही. एका गावाने दर वाढवला तर विक्रेता ते गाव सोडतो. वाटेवरच्या पाच-सहा गावांनी वाढवला तर ती वाटच सोडतो, आणि मग ज्या गावाने दर वाढवलेला नाही तेथेही तो येत नाही. म्हणून हा निर्णय एकेका कमिटीवर सोडून भागणार नाही.

जे करायचे ते फार अवघड नाही. मैदानाचा एक निश्चित भाग, माझ्या मते निम्मा, लिलावातून वगळावा आणि तेथे सहा-सात फुटांच्या लहान जागा सपाट दराने, पंचायतीच्या पावतीवर द्याव्यात. जो विक्रेता ओळीने काही वर्षे येत आहे त्याचा हक्क आधी, उरलेल्या जागांची सोडत. एका माणसाला एकच जागा, आणि ती दुसऱ्याला भाड्याने देता येणार नाही. दर आणि जमा रक्कम यात्रेनंतरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. जेथे मैदान गायरान आहे तेथे तर हे अधिकच योग्य ठरेल, कारण गावाच्या सामाईक जमिनी खासगी कब्जातून सोडवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना बजावलेले आहे. पाच दिवसांचा ठेका म्हणजे अतिक्रमण नव्हे हे खरे, पण जमीन सामाईक कशासाठी ठेवायची असते याचा विचार त्यातही करता येतो. राज्य पातळीवर, २०१४ च्या कायद्यातले वारसा बाजाराचे तत्त्व ग्रामपंचायत हद्दीतल्या जुन्या यात्रांना लागू करणारा नियम शासनाला करता येईल. सोडतीत वशिला लागेल, नावे खोटी देतील, अशी शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. वशिला आजही लागतो. फरक एवढाच की पावतीवर नाव असले तर तो पकडता येतो.

आमच्या गावच्या ग्रामसभेला मी याच आशयाचा एक पानी अर्ज दिला आहे. ग्रामसेवकांनी तो वाचला आणि विचारले की लहान विक्रेता म्हणजे नेमका कोण, त्याची व्याख्या काय लिहायची. प्रश्न बरोबर होता. थोडा विचार करून मी लिहिले: ज्याच्या दुकानातला निम्म्याहून अधिक माल तीस रुपयांच्या आतला आहे तो. त्यांनी तीसच्या जागी पन्नास करा, असे सुचवले, महागाईचे कारण दिले, आणि मी ते मान्य केले. अर्ज पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकावर आहे; आठव्या क्रमांकावर मैदानाच्या लिलावाची तारीख ठरवणे हा विषय आहे, आणि हे दोन विषय खाली-वर करून घ्यावेत, म्हणून उद्या पुन्हा चुलतभावाला फोन करायचा आहे.